उत्तरभागात लढाईची पद्धत बदलावी का? टर्न-बेस्ड आणि रिअल-टाइम रोल-प्लेइंग गेमबद्दल

वाटसरू_नगरचा

'बाल्डर्स गेट' या संगणकीय रोल-प्लेइंग गेमचा दुसरा भाग २००० साली आला आणि तिसरा २०२३ च्या ऑगस्टमध्ये. मधल्या काळात निर्माते बदलले, नियमावली बदलली आणि लढाईची पद्धतही बदलली. बायोवेअरने केलेल्या पहिल्या दोन भागांत लढाई सलग चालत असे आणि स्पेसबार दाबून ती हवी तेव्हा थांबवता येत असे. बेल्जियमच्या लॅरियनने केलेल्या तिसऱ्या भागात प्रत्येक पात्राची पाळी येते आणि ती संपेपर्यंत बाकीचे थांबून राहतात. हे प्रथम जाहीर झाले तेव्हा अनेक जुन्या चाहत्यांनी तक्रार केली होती की हा बाल्डर्स गेट नसून लॅरियनच्याच 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन'चा पुढचा भाग आहे.

माझ्या मते लॅरियनचा निर्णय योग्य होता, पण टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीची, पद्धत मुळातच श्रेष्ठ आहे असे मात्र मी म्हणत नाही. ज्या टेबलावरच्या खेळाच्या नियमांवर ही मालिका उभी आहे, त्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येकाला एका फेरीत एक कृती, एक बोनस कृती, ठरावीक अंतराची हालचाल आणि एक प्रतिक्रिया मिळते. हे हिशेब सलग वाहणाऱ्या वेळेत दिसेनासे होतात. जुन्या भागांतही सहा सेकंदांची फेरी आतून चालूच होती. फरक एवढाच की प्रत्येक पात्राची फेरी स्वतंत्र चालत असे आणि ती खेळणाऱ्याला दिसत नसे. म्हणजे नियम पाळीचेच होते आणि त्यांवर रिअल-टाइमचे, म्हणजे सलग वाहणाऱ्या वेळेचे, आवरण चढवलेले होते.

तर माझा प्रश्न असा आहे: उत्तरभागाने आधीच्या भागाशी कोणत्या बाबतीत इमान राखावे? लढाई ज्या वेगाने चालते त्या वेगाशी, की लढताना खेळणाऱ्याला जे निर्णय घ्यावे लागतात त्यांच्या स्वरूपाशी? ज्यांनी अशा बदललेल्या मालिका खेळल्या आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे. कोणती पद्धत जुनाट आणि कोणती आधुनिक, या वादात कृपया शिरू नये.

कृष्णाकाठ

मी असहमत आहे, आणि तुमच्याच कसोटीवर असहमत आहे. बाल्डर्स गेट दोनमधले जादूगारांचे द्वंद्व आठवून पाहा. समोरचा जादूगार मंत्र म्हणू लागला की त्याचे हात वर जातात, आवाज ऐकू येतो, आणि मंत्र पुरा होण्याआधी त्याला एक जरी घाव बसला तरी मंत्र वाया जातो. पण त्याने आधीच स्टोनस्किन हे जादूचे कवच घेतलेले असेल तर घाव लागत नाही, म्हणून ते कवच आधी ब्रीच या मंत्राने काढावे लागते. आणि ब्रीच म्हणायलाही वेळ लागतो, तेवढ्या वेळात आपल्या जादूगारावर कोणी धावून येत असते. हे सगळे एकाच वेळी घडत असल्यामुळेच 'कोणाचे आधी पुरे होईल' हा प्रश्न निर्माण होतो.

तिसऱ्या भागात मंत्र पाळीत सुरू होतो आणि त्याच पाळीत संपतो. प्रतिमंत्राची प्रतिक्रिया आहे, हे मान्य. पण ती होय किंवा नाही एवढाच प्रश्न विचारते. बाणाने अडवावे, धावत जाऊन अडवावे, की आपणच आडोशाला जावे, हा निवडीचा विस्तार त्यात राहत नाही. निर्णयांचे स्वरूप हीच कसोटी असेल तर इथे एक मोठा निर्णय नाहीसा झाला आहे.

मोरपंखी

कृष्णाकाठ यांचा मुद्दा मला पूर्ण पटला, आणि तरीही मला तिसऱ्या भागातल्या लढाया अधिक आवडतात. दुसऱ्या भागात माझाच अग्निगोळा माझ्याच माणसांवर पडत असे, कारण मंत्र पुरा होईपर्यंत ती पुढे सरकलेली असत.

पाटावरवंटा

धागाकर्त्यांनी नियमावलीचा मुद्दा मांडला आहे. मला लढायांच्या रचनेचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा वाटतो. एकाच गेममध्ये दोन्ही पद्धती उपलब्ध असलेली दोन चांगली उदाहरणे आपल्यासमोर आहेत.

पहिले ऑब्सिडियनच्या पिलर्स ऑफ इटर्निटीचे. पहिला भाग २०१५ चा आणि दुसरा, म्हणजे डेडफायर, २०१८ चा. दोन्ही रिअल-टाइम, हवे तेव्हा थांबवता येणारे. डेडफायरमध्ये टर्न-बेस्ड पर्याय २०१९ मध्ये, गेम आल्यानंतर काही महिन्यांनी जोडला गेला. मी डेडफायर दोन्ही प्रकारे खेळलो. रिअल-टाइममध्ये चपळता हा गुण फार मोलाचा असतो, कारण ती जास्त असेल तर प्रत्येक कृती लवकर संपते आणि तेवढ्याच वेळात जास्त वार होतात. टर्न-बेस्डमध्ये प्रत्येकाला फेरीत एकच पाळी मिळते, त्यामुळे चपळतेने फार तर आपली पाळी आधी येते. परिणाम असा की हलकी, वेगवान शस्त्रे निष्प्रभ होतात आणि जड, संथ शस्त्रे एकदम फायद्याची ठरतात. म्हणजे पद्धत बदलली की शस्त्रांच्या दुकानातल्या प्रत्येक वस्तूची किंमत नव्याने ठरवावी लागते, आणि ते काम गेम तयार झाल्यावर पूर्णपणे करता येत नाही.

दुसरे उदाहरण आउलकॅटच्या पाथफाइंडरचे. किंगमेकर २०१८ मध्ये आला तेव्हा तो फक्त रिअल-टाइम होता. टर्न-बेस्ड पर्याय आधी एका चाहत्याने मॉडच्या, म्हणजे अनधिकृत जोडणीच्या, रूपात बनवला आणि २०२० मध्ये तो अधिकृतपणे गेममध्ये आला. पुढच्या 'राथ ऑफ द रायचस'मध्ये (२०२१) दोन्ही पद्धती पहिल्या दिवसापासून होत्या आणि लढाईच्या मध्येही एका बटणाने बदलता येत होत्या. ही सोय मला मनापासून आवडली, पण तिनेच मूळ अडचण उघडी केली. या गेममध्ये किरकोळ शत्रूंचे घोळके जागोजागी पेरलेले आहेत. रिअल-टाइममध्ये असा घोळका पाहता पाहता संपतो आणि पुढच्या मोठ्या लढाईआधी थोडा दम घेतल्यासारखे होते. तीच चकमक टर्न-बेस्डमध्ये खेळलो तर निकाल आधीच ठाऊक असताना प्रत्येक शत्रूची पाळी बघत बसावे लागते. म्हणून बहुतेक जण किरकोळ लढाया रिअल-टाइममध्ये आणि मोठ्या टर्न-बेस्डमध्ये खेळू लागले.

याउलट लॅरियनने लढायांची संख्या मुळातच आटोक्यात ठेवली आणि प्रत्येक लढाईला वेगळी जागा दिली: कुठे उंचवटा, कुठे ढकलून देण्याजोगा कडा, कुठे पेटवण्याजोगे तेल. तिसरा भाग जमला तो यामुळे. पाळीची पद्धत त्यांनी निवडलीच, शिवाय तिच्यासाठी लागणारी मेहनतही केली.

कृष्णाकाठ

पाटावरवंटा, आपला प्रतिसाद उत्तम आहे. मात्र गॉब्लिनांच्या छावणीत सगळा तळ एकदम अंगावर आला की तिसऱ्या भागातही हीच वाट पाहावी लागते, आणि शेवटच्या अंकात आपल्या बाजूने लढणाऱ्यांचीही पाळी मोजावी लागते तेव्हा ती आणखी वाढते. मेहनत केली आहे हे खरे; पण पद्धतीची मर्यादा तिथेही डोके वर काढतेच.

पैलतीर

मी टोरांटोत राहते आणि माझा धाकटा भाऊ नाशिकला. आम्ही बाल्डर्स गेट तीन एकत्र खेळतो. हा गेम चौघांपर्यंत मिळून खेळता येतो. दोन खंडांच्या अंतरामुळे प्रत्येक आज्ञा पोहोचायला क्षणभर उशीर होतो. पाळीच्या लढाईत तो उशीर जाणवत नाही. आपली पाळी नसते तेव्हाही आम्ही रिकामे बसत नाही: तो कोणाला लक्ष्य करणार, मी वाट मोकळी करू का, तेल आधी सांडायचे की आग आधी लावायची, यावर सविस्तर बोलणे होते.

एक छोटी सोय सांगते. तिसऱ्या भागात पुढाकाराचा, म्हणजे कोणाची पाळी आधी हे ठरवणारा, फासा चार बाजूंचा आहे, मूळ नियमांप्रमाणे वीस बाजूंचा नाही, म्हणून आपल्या पात्रांचे क्रमांक बरेचदा लागोपाठ येतात. आणि लागोपाठ आले की त्या पाळ्या एकत्र, हव्या त्या क्रमाने खेळता येतात. आम्हा दोघांना ही गोष्ट फार उपयोगी पडली.

जुन्या भागांतही अनेकांना मिळून खेळता येत असे. पण कोणी एकाने पॉज केला की सर्वांची लढाई थांबे, आणि पॉज कधी करायचा यावरून आम्हा भावंडांत भांडणे होत.

सातपुडा_रात्र

आमच्या तालुक्याच्या गावात संध्याकाळी वीज जाते, म्हणून माझ्यासाठी हा प्रश्न फारच व्यावहारिक आहे. जुन्या बाल्डर्स गेटमध्ये लढाई चालू असताना सेव्ह करता येत नसे. तिसऱ्या भागात ते लढाईच्या मध्यावरही करता येते. लांबलेल्या लढाईत मी प्रत्येक फेरीच्या शेवटी सेव्ह करतो आणि निश्चिंत असतो.

चिंचपोकळीकर

चर्चा फक्त पाश्चात्त्य संगणकीय गेमपुरती राहू नये म्हणून लिहितो. उत्तरभागात लढाई बदलण्याचा सर्वांत मोठा इतिहास जपानच्या फायनल फँटसीचा आहे. १९८७ च्या पहिल्या भागात निखळ पाळ्या होत्या. १९९१ च्या चौथ्या भागात हिरोयुकी इतो यांनी एटीबी पद्धत आणली: प्रत्येक पात्राचे आपले घड्याळ, ते भरले की त्याची पाळी, आणि आपण विचार करत बसलो तरी शत्रूचे घड्याळ चालूच. वेगवेगळ्या वेगाने धावणाऱ्या फॉर्म्युला वन गाड्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते.

दहावा भाग (२००१) पुन्हा निखळ पाळ्यांकडे वळला. पडद्याच्या कडेला पुढच्या पाळ्यांचा क्रम दिसे आणि आपण निवडलेल्या कृतीने तो क्रम कसा बदलेल हेही आधीच कळे. आणि या धाग्याला सर्वांत जवळची गोष्ट पुढे आहे: त्याच कथेचा थेट उत्तरभाग, म्हणजे टेन-टू, २००३ मध्ये आला तेव्हा त्यात वेगवान एटीबी परत आणले आणि लढतानाच पात्रांचे पोशाख, म्हणजे पर्यायाने कौशल्ये, बदलण्याची मुभा दिली. जग तेच, नायिका तीच, पण लढाईचा स्वभाव पूर्ण वेगळा. मला तो बदल योग्य वाटला, कारण पहिली कथा जड दुःखाची होती आणि दुसरी त्यातून मोकळ्या झालेल्या युनाची. तिथे संथ, तोलून मापून लढणे शोभलेच नसते.

सोळावा भाग (२०२३) मात्र माझ्या पचनी पडत नाही. तिथे लढाई पूर्णपणे ॲक्शनची आहे आणि प्रत्यक्ष ताब्यात एकटा नायक क्लाइव्ह. ती अतिशय देखणी आणि नेमकी आहे, हे मी मोकळेपणाने म्हणतो. तिचे दिग्दर्शन डेव्हिल मे क्राय पाच या ॲक्शन गेमवर काम केलेल्या र्योता सुझुकी यांचे आहे. परंतु या मालिकेत मी नेहमी चौघांचा, तिघांचा विचार करत आलो: कोण बरे करेल, कोण वार अंगावर घेईल. तो विचारच काढून टाकला तर उरते काय? धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की वेग बदला, घड्याळ बदला, पण सोबत्यांचा विचार करायला लावणे सोडू नका.

रानवारा

चिंचपोकळीकर यांच्या शेवटच्या वाक्याला ड्रॅगन एज ही मालिका पुरावा आहे. २००९ च्या ओरिजिन्समध्ये चारही पात्रे आपल्या ताब्यात असत आणि ती आपापली कशी वागतील याचे नियमही आपणच लिहून ठेवत असू. २०२४ च्या व्हेलगार्डमध्ये दोन सोबती असतात, त्यांच्या काही शक्ती आपण वापरायला सांगू शकतो, पण त्यांच्या जागी जाऊन लढू शकत नाही. दोन्ही गेम रिअल-टाइमच आहेत. म्हणजे टर्न-बेस्ड हा शब्दही न उच्चारता मालिकेचा गाभा बदलता येतो.

शुभ्रा_तारा

सगळे पाळीकडून वेगाकडे गेलेल्या मालिकांबद्दल लिहीत आहेत, म्हणून उलट दिशेने गेलेल्या एका मालिकेबद्दल लिहिते. याकुझा २००५ पासून रस्त्यावरच्या मारामारीची रिअल-टाइम मालिका होती. २०१९ च्या १ एप्रिलला निर्मात्यांनी पाळीने चालणाऱ्या याकुझाची चित्रफीत दाखवली आणि लोकांनी ती एप्रिल फूल समजून सोडून दिली. २०२० मध्ये 'याकुझा: लाइक अ ड्रॅगन' खरोखरच तशी आली.

तिथे बदलाला कथेतच कारण दिले आहे, आणि म्हणून तो मनापासून स्वीकारता आला. नवा नायक इचिबान कासुगा लहानपणापासून ड्रॅगन क्वेस्टचा भक्त आहे, मारामारी सुरू झाली की त्याला समोरचे गुंड त्या खेळातल्या शत्रूंसारखे दिसू लागतात, आणि मित्रांवाचून आपण काहीच नाही अशी त्याची श्रद्धा आहे. आधीचा नायक किर्यू एकटा लढणारा होता, म्हणून त्याला मुठी होत्या. इचिबानला चमू आहे, म्हणून त्याला पाळ्या आहेत.

या गेममध्ये एक त्रुटी होती. शत्रू इकडेतिकडे फिरत राहत, पण आपल्याला पाळीत जागा बदलता येत नसे, त्यामुळे अनेकांवर एकदम पडणारा वार किती जणांना लागेल हे नशिबावर असे. २०२४ च्या 'इन्फिनिट वेल्थ'मध्ये ती दुरुस्त केली: पाळी आली की एका वर्तुळात फिरता येते आणि शत्रूला सोबत्याच्या दिशेने उडवता येते. शिवाय त्यात किर्यू परत येतो आणि त्याची एक शक्ती अशी आहे की काही क्षण पाळ्यांचा नियम मोडून तो जुन्या पद्धतीने, रिअल-टाइममध्ये मुठी चालवतो. जुन्या चाहत्यांचा इतका मान राखलेला मी दुसऱ्या कोणत्याही उत्तरभागात पाहिलेला नाही.

मोरपंखी

शुभ्रा, किर्यूच्या या शक्तीबद्दल मला माहीत नव्हते. आजच घेते.

दगडूशेठची_गल्ली

थोडे विषयाच्या कडेने. डायाब्लोही मुळात पाळीने चालणारा गेम म्हणून बनत होता. तो रिअल-टाइम करावा असा आग्रह ब्लिझर्डकडून आला. गेमचे निर्माते डेव्हिड ब्रेव्हिक यांचा आधी विरोध होता, पण काही तासांत त्यांनी तसा बदल करून पाहिला आणि पहिला सांगाडा माऊसच्या एका क्लिकला कोसळला तेव्हा त्यांचे मत बदलले. अर्थात हा बदल गेम बाहेर येण्याआधीचा आहे, त्यामुळे कोणत्याही चाहत्याची अपेक्षा मोडली नाही.

हातकणंगले_एक्सप्रेस

इथे शरीराचा मुद्दा अजून आलेला नाही. माझ्या उजव्या मनगटाला टायपिंगच्या कामामुळे कायमचे दुखणे लागले आहे आणि लागोपाठ वेगाने बटणे दाबणे मला शक्य नाही. माझ्यासारख्याला मालिकेने पाळी सोडून वेग धरला म्हणजे पुढची कथा बंद झाली. त्यामुळे फायनल फँटसी सातच्या रिमेकमध्ये (२०२०) क्लासिक पद्धत ठेवली, जिच्यात पात्रे आपणहून लढतात आणि आपण फक्त आज्ञा निवडतो, याबद्दल मला कृतज्ञता वाटते. सोळाव्या भागातही वार आपोआप चुकवणाऱ्या अंगठ्या दिल्या आहेत.

क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३ हा फ्रान्समधल्या मॉंपेलिएच्या सँडफॉलचा २०२५ चा गेम उत्तरभाग नाही, पण या वादात त्याचे नाव सतत येते म्हणून लिहितो. कबड्डीत चढाई पाळीने होते, पण चढाईच्या आत श्वासाचा आणि पायाचा खेळ सलग चालतो; तसेच इथे आहे. आपली पाळी शांतपणे निवडायची, आणि शत्रूच्या पाळीत त्याचा वार नेमक्या क्षणी चुकवायचा किंवा परतवायचा. हल्ल्याच्या वेळची बटणे आपोआप दाबली जावीत असा पर्याय आहे, परंतु वार चुकवणे आपल्यालाच करावे लागते. सर्वांत सोप्या पातळीवर वार चुकवण्याचा अवधी वाढतो, म्हणून मी गेम पुरा करू शकलो. माझी विनंती एवढीच की टर्न-बेस्ड असे लिहिलेले पाहून माझ्यासारख्यांनी डोळे झाकून विकत घेऊ नये.

कृष्णाकाठ

हातकणंगले यांचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. पॉज करता येणारी रिअल-टाइम लढाई बोटांच्या वेगाची मागणी कधीच करत नव्हती. जुन्या बाल्डर्स गेटमध्ये शत्रू दिसताच, पात्र जखमी होताच, फेरी संपताच आपोआप थांबण्याची सोय होती. मी ज्या पद्धतीची बाजू घेतो आहे ती ही. सोळाव्या फायनल फँटसीची नव्हे. या चर्चेत दोन्ही एकाच नावाखाली जात आहेत आणि त्यामुळे थांबवता येणाऱ्या लढाईवर अन्याय होतो.

पुळणवाट

फॉलआउटचा उल्लेख झालाच नाही याचे आश्चर्य वाटते. १९९७ आणि १९९८ चे पहिले दोन भाग षटकोनी चौकटींवर, मोजक्या ॲक्शन पॉइंटांवर, म्हणजे प्रत्येक पाळीत कृतींसाठी खर्चायच्या गुणांवर, चालत. २००८ मध्ये बेथेस्डाने तिसरा भाग रिअल-टाइम केला आणि व्हॅट्स दिले: वेळ थांबतो, शत्रूच्या प्रत्येक अवयवावर नेम लागण्याची टक्केवारी दिसते. मला हा कसोशीने केलेला प्रयत्न वाटतो, परंतु त्यातून हिशेबाची झळ गेली. जुन्या फॉलआउटमध्ये गोळी झाडायची, औषध घ्यायचे की आडोशाला परतायचे, हे सगळे एकाच तुटपुंज्या थैलीतून भागवावे लागे. नव्या भागात पॉइंट संपले तर व्हॅट्समधून बाहेर पडून नुसते गोळ्या झाडत राहता येते आणि थैली पुन्हा भरते. दुसऱ्या भागात गर्दीच्या वस्तीत लढाई सुरू झाली की प्रत्येक रहिवाशाच्या पाळीची वाट पाहावी लागे, हेही खरे आहे. तरी मी ती वाट पाहीन.

वाटसरू_नगरचा

सर्वांचे आभार. इतके वाचल्यावर माझ्या प्रश्नाचे उत्तर मी आता अधिक नेमके मांडू शकतो. पुळणवाट यांनी सांगितलेली तुटपुंजी थैली, चिंचपोकळीकर यांचे सोबती आणि कृष्णाकाठ यांचा अपुरा मंत्र, या तिन्ही गोष्टींत खेळणाऱ्याला काहीतरी सोडून काहीतरी निवडावे लागते. उत्तरभागाने ही निवड जपली तर घड्याळ कोणतेही चालेल. इन्फिनिट वेल्थने ती जपली, तिसऱ्या फॉलआउटने अर्धी गमावली. बाल्डर्स गेट तीनने नव्या निवडी भरपूर दिल्या, पण मंत्र अडवण्याची निवड गमावली, हे कृष्णाकाठ यांचे म्हणणे मी मान्य करतो. ती पाळीच्या पद्धतीत आणताच येत नाही, हे मात्र मला मान्य नाही.

पाटावरवंटा

ती आणलेली आहे. डेडफायरच्या टर्न-बेस्ड पर्यायात लांब मंत्र त्याच पाळीत पुरे होत नाहीत. पात्र मंत्र सुरू करते आणि पाळ्यांच्या क्रमात तो पुढे कुठेतरी पुरा होतो. मध्ये ज्यांची पाळी येते त्यांना मंत्र तोडण्याची संधी मिळते आणि लक्ष्याला सरकण्याचीही. कृष्णाकाठ यांनी वर्णन केलेली 'कोणाचे आधी पुरे होईल' ही चुरस तिथे क्रमपट्टीवर डोळ्यांना दिसते. मोरपंखी यांच्या अग्निगोळ्याची अडचणही तिथे परत येते, हे आधीच सांगून ठेवतो.

कृष्णाकाठ

हे मी पाहिलेले नाही. डेडफायर मी फक्त रिअल-टाइममध्ये खेळलो आहे. पुन्हा सुरू करून जादूगार घेतो. वर तुम्ही जड शस्त्रांबद्दल लिहिले आहे, त्यामुळे एक विचारतो: टर्न-बेस्डमध्ये सोबतच्या योद्ध्याला सुरुवातीपासून दोन हातांची तलवार द्यावी का?

पाटावरवंटा

हो, सुरुवातीपासून द्या. आणि त्याला जादूगाराच्या पुढे उभा करा, म्हणजे मंत्र तोडायला येणाऱ्याला आधी त्याला ओलांडावे लागेल.